दुसरा पुंकेसर

“हे द्विभागी फूल. यात सगळं जोडीनं असतं. पाकळ्या दोन, पुंकेसरही दोन,” असं सांगत बाईंनी प्रत्येकीला एकेक इवलंसं फूल स्वतः उकलून दिलं. मुली भिंगातून बघून चित्र काढू लागल्या.

“बाई, माझ्या फुलात पुंकेसर एकच आहे,” शेवटच्या टेबलावरची मुलगी म्हणाली.

“हो का? म्हणजे निसर्ग चुकला आणि तू तेवढी शहाणी! डोळे आहेत की बटणं? नीट बघ.”

वर्ग खो खो हसला. ती कानापर्यंत लाल झाली आणि पुन्हा भिंगावर वाकली. बाई तिच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. शेवटी तिनं पेन्सिल उचलली आणि दुसरा पुंकेसर काढला, अगदी रेखीव, टोकावरच्या परागकोशासकट.

“दिसला, बाई. माझंच चुकलं.”

“आता कसं!” म्हणत बाईंनी चित्रावर बरोबरची खूण करायला हात पुढे केला. त्यांच्या अंगठ्याच्या नखाला केसाएवढा पुंकेसर चिकटला होता.

तो दोघींनाही दिसला. मान मात्र मुलीनं खाली घातली.