निवडलेली खडी

औरादच्या शिवगंगाअक्कांनी परसात माजलेलं गाजरगवत मुळासकट उपटलं, दोन कोरफडी राखल्या आणि बाकी सगळीकडं खडी पसरून टाकली. एकट्या बाईला आता पाणी घालायला नको, खुरपायला नको.

तर रोज सकाळी खडीचे दोन ढीग! बारीक एकीकडं, जाड एकीकडं, सुपात घोळून निवडल्यासारखे.

आज अक्कांचं डोकंच फिरलं. कुंपणावरूनच त्या शेजारच्या सुधारानीवर कडाडल्या, "माझी खडी कामून निवडायलीस गं? घरात काम न्हाई व्हय?"

"मी कशाला निवडू, अक्का? लोक खडे निवडून फेकतेत. तुमच्याकडं तर कुणी जपून ठेवायलंय."

"लई शहाणी!" अक्का फणफणत माघारी वळल्या आणि पायरीशी थबकल्या.

बारीक खडीचा ढीग जागेवर नव्हता. पायरीखाली तूरडाळ पडली होती. त्यांच्याच डब्यातली, खडे काढून फेकावेत तशी फेकलेली.

"कोण मेलं शिरलंय माझ्या घरात?" त्या ओरडल्या.

आत कुकरची शिट्टी झाली. मग फरशीवर कुणीतरी एकच ताट मांडलं.