पिनेवरचा क्रमांक

मोहोरबंद पिशवी फोडण्याआधी मॅडमनी तिला वहीत सही करायला लावली.

"अजून विचार कर," त्या म्हणाल्या. "वडिलांची केस आणि स्वतःचा प्रबंध एका टेबलावर ठेवू नये."

"मला हाच विषय हवाय, मॅडम."

"मग एक कबूल कर. जे दिसेल ते लिहायचं. आवडलं तरी, नाही आवडलं तरी. सोमवारी अपिलाची सुनावणी आहे, आणि अहवाल माझ्या सहीनं जाणार आहे."

तिनं कबूल केलं. आपल्याला न आवडणारं काही पिशवीतल्या त्या तुटक्या तुकड्यात असेल, असं तिच्या मनातही आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी कारखान्यातल्या क्रेनच्या हुकाची जुनी पिन तुटली आणि खाली उभा असलेला वेल्डर जागच्या जागी गेला. पिना बाबांच्या ताब्यात असत. वर्कशॉपमध्ये तेच त्या कातत, तेच तपासत. चौकशी चार दिवसांत उरकली. पिनेच्या टोकावर क्रमांक नव्हता, म्हणजे ती नोंदीशिवाय लावली, हा पहिला ठपका. तुटल्याबरोबर बाबांनी ती उचलून सगळीकडून ग्रीस थापलं, हा दुसरा. गंज चढू नये म्हणून कुठलाही जुना फिटर हेच करतो, पण ऐकतो कोण? चौकशीवाल्यांनी ते ग्रीस पुसण्याची तसदीही घेतली नाही. तीस वर्षांची नोकरी गेली, आणि वेल्डरची बायको समोरून येताना दिसली की बाबा रस्ता ओलांडून पलीकडे जायला लागले.

तिला सगळ्यात जास्त राग बाबांचाच यायचा. ते कुणाशी भांडले नाहीत. जबाबात त्यांनी एकच वाक्य लिहून दिलं होतं : ती पिन पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हातची आहे. अपीलसुद्धा तिनंच हट्टानं करायला लावलं होतं.

लहानपणी शाळेला सुट्टी लागली की ती बाबांच्या डब्याबरोबर वर्कशॉपमध्ये जायची आणि दिवसभर त्यांच्या हाताखाली लुडबुड करायची. यंत्रांचं वेड तिथलंच. ज्या माणसानं तिला लेथ दाखवला, तो निष्काळजी असूच शकत नव्हता. दोष पोलादात असणार, हे तिनं एम.टेक.च्या पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

त्याच पोलादाच्या उरलेल्या सळईतून तिनं चोवीस नमुने कातून घेतले आणि त्यांच्या टोकांवर आकडे ठोकायला बसली. लॅबमधले मिस्त्रीकाका चष्मा वर करून बघत होते.

"सहा आणि नऊखाली ठिपका देतात, उलटसुलट होऊ नये म्हणून. पण चारखाली कशाला? चार उलटा धरला तर काय होतो?"

"काही नाही होत. हातच राहत नाही माझा."

"घरची खोड दिसते."

"माझी एकटीची. बाबासुद्धा ओरडायचे."

मिस्त्रीकाकांनी त्यानंतर तिचं नावच ठिपका ठेवलं. चार महिने मशीन एकेका नमुन्याला लाखो वेळा ओढत आणि सोडत राहिलं. निकाल हाती आला तेव्हा ती रडकुंडीला आली. पोलाद खणखणीत होतं. आता उरला होता फक्त तो तुटलेला तुकडा.

आज सकाळी निघताना तिनं बाबांना सांगितलं, पिशवी आज उघडणार. बाबा शेजाऱ्यांचा मिक्सर खोलून बसले होते.

"ग्रीस काढणार?" त्यांनी विचारलं.

"काढल्याशिवाय कसं दिसणार?"

त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर निसटला. तो उचलायला ते खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"राहू दे ना आता. या वयात नोकरी थोडीच परत मिळणार आहे?"

"नोकरीसाठी नाही, बाबा. तुमच्या नावासाठी."

"नाव माझं आहे. मला चालतंय. तू तुझी डिग्री पूर्ण कर, मला सगळं मिळालं."

माणूस इतका कसा खचतो, असं वाटून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती न जेवताच निघाली होती.

दोन वर्षांत ग्रीस वाळून टणक झालं होतं. तिनं तुकडा रॉकेलमध्ये बुडवला आणि ब्रशनं हळूहळू मोकळा केला. आधी तुटलेलं तोंड उघडं पडलं. ओंडक्यावर असतात तशा वाकड्या रेषा त्यावर होत्या. चीर किती हळूहळू वाढत गेली ते त्या सांगत होत्या, आणि सगळ्या एका कडेकडे निघाल्या होत्या. ती कड पिनेच्या खांद्यावर होती. खांदा म्हणजे जिथं जाड पिन बारीक होते ती जागा. सगळा ताण तिथं गोळा होतो. तिथं साधा ओरखडाही नको, हे पहिल्या वर्षी शिकवतात.

कडेवरचं ग्रीस सुटलं, तशी खाली ठोकलेल्या आकड्याची वरची रेघ दिसली.

"मॅडम, क्रमांक आहे," ती जवळजवळ ओरडलीच. "पिनेवर क्रमांक आहे."

मॅडम आणि मिस्त्रीकाका धावत आले. मॅडमनी सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहिलं.

"चीर या आकड्यातूनच सुरू झालीय," त्या म्हणाल्या. "टोकावर ठोकायचा तो खांद्यावर ठोकला. हेच कारण."

"कुणा शिकाऊचं काम आहे," मिस्त्रीकाका म्हणाले. "तीस वर्षांचा फिटर झोपेतसुद्धा इथं हातोडी मारणार नाही."

"तेही लिही," मॅडम म्हणाल्या. आज पहिल्यांदाच त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वडील सुटले समज. ठोकणारा कोण ते शोधायला लागेल, बस."

तिला हुंदका आला. तिनं मनातल्या मनात बाबांना फोनही लावला. मॅडमनी पेन काढलं, अहवालाचा कागद पुढे ओढला आणि आकडा कोणता ते विचारलं.

तिनं कापसानं उरलेलं ग्रीस पुसलं. आकडा चार होता, आणि त्याच्या खाली एक ठिपका होता.