जाळं भरल्याचा ठोका

प्रफुल कॉम्प्युटरवर एक प्रोग्रामिंग भाषा सोर्स कोडपासून तयार करत होता. काम रोज एकाच फाइलपाशी एरर देऊन थांबायचं. आज त्याने राहून गेलेली लायब्ररी जोडून पुन्हा सुरू केलं. त्याच फाइलपाशी हार्ड डिस्क वाजू लागली. टक्, टक्-टक्.

तो बंद करणार, तेवढ्यात माय दारातून म्हणाली, "राहू दे. जाळं भरलं का, तुहा बाप डोंग्यावर असाच ठोके."

बाप तलावात बुडाला, तेव्हापासून त्याची ती होडी काठावर उपडी पडली होती.

प्रफुलने हात मागे घेतला. फाइल पार झाली. दिवेलागणीला भाषा तयार झाली, तिच्यात करून पाहिलेली पहिली बेरीज बरोबर आली.

त्याने कॉम्प्युटर बंद केला. ठोका थांबला नाही. तो आता तलावाकडून येत होता.

"चाल," टोपली उचलत माय म्हणाली. "एकट्याले जाळं ओढवत नाई त्याले."