चर्चमागची भिंत

आमच्या गावचा ओस्वाल्दो चित्रकार म्हणून मिलानमध्ये गाजत होता. प्लास्टर लिंपलेल्या मोठाल्या पांढऱ्या फळ्या आणि त्यांत छिन्नी-हातोड्याने रागारागाने पाडलेली भोकं, एवढंच त्याचं चित्र. समीक्षक म्हणायचे, हे तारे आहेत. तो पुढची फळी लिंपायला घ्यायचा. युद्धात फॅसिस्टांनी त्याच्या धाकट्या भावाला, तुल्लिओला, गावात चर्चमागच्या भिंतीशी गोळ्या घातल्या, तेव्हा ओस्वाल्दो डोंगरात लपलेला होता. मारणारे कोण, ते कधीच कळलं नाही.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी दालन रिकामं झालं. सुटाबुटातला एक म्हातारा तेवढा वाइनचा पेला घेऊन एका चित्रापुढे रेंगाळला होता. चित्राखाली आमच्या गावाचं नाव होतं. ओस्वाल्दो त्याला तिथला नोकर वाटला.

"ही भिंत मी पाहिलीय," म्हातारा हसून म्हणाला. "तुमच्या चित्रकाराला मात्र काही ठाऊक नाही बघा."

"काय चुकलं, साहेब?"

"भोकं फार वर आहेत. त्या पोराला आम्ही गुडघ्यांवर बसवलं होतं."

 

ओस्वाल्दोने दालनाचं दार आतून लावून घेतलं.