वेगळं अंथरूण

मुलगी चालायला लागली तरी प्रल्हादनं तिला एकदाही उचललं नव्हतं. अणुवीज केंद्रात कंत्राटी फिटर होता तो. घरी आला की रगडून आंघोळ करायचा आणि हॉलमध्ये वेगळं अंथरूण टाकायचा. "आमच्याकडे रेडिएशन असतं, तिला बाधेल," म्हणायचा.

त्याच्या बायकोला, उन्नतीला, ते पटलं होतं. मग एका रविवारी केंद्रात त्याच्याबरोबर काम करणारा हर्षवर्धन घरी आला आणि त्यानं मुलीला सरळ कडेवर घेतलं.

"भावोजी, तुम्हाला चालतं?"

"वहिनी, आम्हाला तपासूनच बाहेर सोडतात. आणि प्रल्हादनं तर गणपतीआधीच काम सोडलं. बोलला नाही?"

उन्नतीच्या मनात आलं, रोज डबा घेऊन हा जातो कुठे? दुसरी कोणी आहे का? सोमवारी मुलीला घेऊन ती रिक्षानं त्याच्या मागोमाग निघाली. वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात तो पुठ्ठ्याचे खोके चिकटवत बसला होता.

"इथे कसलं रेडिएशन? मग हिला का घेत नाही तुम्ही?"

मुलीनं हात पुढे केले, तसा तो दोन पावलं मागे सरला.



"भ्यायलो म्हणूनच तिथलं काम सोडलं गं. पण आधी अंगात शिरलेलं निघालं की नाही, हे कुणाला विचारू?"