नकाशातलं तळं

"बाबा, टॉवर तिकडे आहे!" लेकीने तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. बाबा ऐकतील तर शपथ. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे कुरकुरणारे, पण चालले होते तरातरा. संध्याकाळी परतीची गाडी होती. एवढ्या मोठ्या शहरात हाताशी एकच दिवस, आणि हे घुसले होते गॅरेजांच्या एका कळकट गल्लीत. या शहरात ते आयुष्यात पहिल्यांदाच आले होते. तरी कुणाला रस्ता विचारत नव्हते. कोपरा आला की वळत होते.

विचारायचं कशाला? दूरच्या एका नकाशा कचेरीत चौतीस वर्षं बसून या शहराच्या गल्ल्या त्यांनीच शाईने काढल्या होत्या. "आमच्या बाबांची एक रेघ कधी चुकली नाही," असं लेक येईल त्याला कौतुकाने सांगायची. ती हे बोलली की बाबा विषय बदलायचे.

कारण चूक झाली होती. रेघेची नाही, थेंबाची. मोजणीच्या वहीत इथे नुसती मोकळी जमीन होती. नकाशा पुरा झाला, सकाळी छापायला जायचा, आणि पेनातून निळ्या शाईचा टपोरा थेंब नेमका त्या जमिनीवर पडला. नकाशात निळा म्हणजे पाणी, दुसरं काही नाही. ब्लेडने खरवडावं तर ज्यावर नकाशा काढला ते पातळ कापडच फाटणार आणि दोन महिन्यांची मेहनत मातीत जाणार. नोकरी नवी, साहेब तापट. बाबांनी थेंबाला बारीक काठ काढला. झालं तळं! साहेबांनी डोळे झाकून सही ठोकली. त्या दिवसापासून बाबांच्या जिवाला घोर लागला तो लागलाच. बायकोलाही कधी बोलले नाहीत. त्या थेंबाने कुणाचं काही वाकडं तर झालं नाही ना, एवढं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

शेवटचं वळण आलं. पत्र्याची भिंत संपली आणि समोर पाणी!

खरोखरचं तळं. काठाला दगडी पायऱ्या, वर वाकलेली झाडं, मधोमध चार बदकं आपल्याच तोऱ्यात. मागे एवढं शहर गुरगुरत होतं आणि इथे पान पडलं तरी ऐकू येत होतं.

"अगं बाई!" लेक पायरीवर मटकन बसली. "कुठल्या पुस्तकात नाही, कुणी बोललं नाही! बाबा, तुम्हाला कसं हो माहीत?"

बाबांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे मोजणीवालेच आंधळे होते! थेंब बरोबर जागी पडला होता. उगाच जन्मभर झुरलो, वेड्यासारखं! लेकीशेजारी बसून ते एकटेच हसायला लागले.

काठावर एक म्हातारा लांब दांड्याच्या जाळीने पाण्यातली पानं काढत होता. लेकीने त्याला विचारलं, "काका, फार जुनं असेल ना हे तळं?"

"जुनं कसलं! अठरा वर्षांचं. मीच खणलंय." म्हातारा जाळी झटकत म्हणाला. "ठेकेदार होतो मी. इथे घरं बांधायला घेतली. पाया घातला आणि वस्तीतले लोक सरकारी नकाशा घेऊन कोर्टात गेले. म्हणाले, यानं तळं बुजवलं. घसा फोडून सांगितलं हो, की इथे तळं नव्हतं. पण नकाशा खोटा की ठेकेदार खोटा, म्हटल्यावर कोण ऐकणार? कोर्टानं पाया उखडून माझ्याच हातून हे तळं खणून घेतलं."

बाबांचं हसू थांबलं होतं.

"धंदा बुडाला, ते गेलं खड्ड्यात," म्हातारा म्हणाला. "पण बायको जाताना म्हणाली, बुजवलं असेल तर मला तरी खरं सांगा. शेवटपर्यंत तिला पटलं नाही. आता येतो रोज इथे. पानं काढतो. घरी बसून तरी काय करू?"

लेक चुळबुळली. तिला राहवेना. "काका, राग मानू नका, पण नकाशा असा चुकत नाही हो. माझे बाबा स्वतः..."

बाबांनी तिचा हात दाबला. निघून जाता आलं असतं. टॉवरही बघून झाला असता, गाडीही मिळाली असती. लेक मोठ्या अभिमानाने त्यांच्याकडे बघत होती आणि तेच त्यांना सोसवेना. ते उठले. पायऱ्या उतरून म्हाताऱ्यासमोर उभे राहिले. त्यांनी हात जोडले.

"तुम्ही खरं बोलत होता," बाबा म्हणाले. "इथे तळं नव्हतं."