तापणारी गाडी

वणीहून नाशिकला येणारी कारभारी ड्रायव्हरची बस वाटेत दोनदा तरी तापायचीच. मग ते गाडी बाजूला घ्यायचे आणि नाशकात अकरावीला जाणाऱ्या आपल्या लेकीच्या, मंदाच्या हातात डबा द्यायचे. "पोरी, इंजिनाला पाणी आण." मंदा मळ्यात शिरायची ती चांगली दहा मिनिटांनी यायची. नुसता डबा घेऊन पळणारी पोर दिसली की लोक हसतात. गाडीसाठी पाणी आणणारीला कोण हसणार? सगळे इंजिनालाच शिव्या द्यायचे.

आतड्याला सूज आहे, गोळ्या एक दिवसही चुकवू नकोस, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण त्या जाडजूड पिवळ्या गोळ्या मंदा घरामागच्या कढीपत्त्याला वाहायची. रोज गोळी घ्यायची म्हणजे रोज स्वतःला आजारी म्हणायचं, आणि ते तिला मुळीच मान्य नव्हतं.

एकदा वडिलांचा खाकी शर्ट धुवायला घेताना खिशात मेमो सापडला. गाडी रोज उशिरा का, असं साहेबांनी विचारलं होतं. खाली वडिलांच्या अक्षरात खुलासा होता : इंजिन नाजूक आहे, सांभाळून घ्यावं लागतं.

मंदाने शर्ट तसाच ठेवला आणि आधी गोळ्यांची बाटली शोधली.

दिवाळीपर्यंत गाडी वेळेवर पोचायला लागली. कंडक्टर पुंजारामला राहवेना. "कारभारी, इंजिन बदललं काय?"

कारभारींनी आरशातून मागं पाहिलं. खिडकीला डोकं टेकून मंदा गाढ झोपली होती.

"नाय, इंजिन तेच हाय," ते म्हणाले. "आता गोळ्या वेळेवर घेतं."